पालक ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर: काड्या, पाढे आणि वही

ताई, नमस्कार. तिसरीच्या पहिल्या सत्रावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की जून ते दिवाळी पोरं काड्या मोजत, पाऊस मापत आणि बाजार मांडत बसली. फोटो छान आले, पण पाढ्यांचं आणि वहीचं काय? हे परदेशी खूळ गावच्या शाळेतल्या पोरांवर कशाला? तुमची मुलगीही तिसरीतच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी वजाबाकीचं सांगते. जुलैत मी फळ्यावर ५२ वजा २७ दिलं. निम्म्याहून जास्त मुलांनी उत्तर लिहिलं ३५. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्यांनी सातातून दोन घालवले. हातच्याची रीत दुसरीत सगळ्यांनी गिरवलेली होती, बरं का.

मग खराट्याच्या काड्या काढल्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे रबर लावून आणि दोन सुट्या. एका मुलीला म्हटलं, यातल्या सत्तावीस मला दे. तिने दोन गठ्ठे दिले, दोन सुट्या दिल्या आणि थांबली. "बाई, पाच कमी पडतात." मी गप्प राहिले. तिने एक गठ्ठा उचलला, रबरावर बोट ठेवलं, परत खाली ठेवला. पुन्हा उचलला. तो सोडायचा असतो की नाही, हेच तिला ठरवता येत नव्हतं. शेवटी हळूच म्हणाली, "सोडू?" रबर निघालं, दहा काड्या बाकावर पसरल्या, त्यातल्या पाच तिने माझ्या हातावर ठेवल्या. तिच्याकडे उरले दोन गठ्ठे आणि पाच सुट्या. "पंचवीस!" 'हातचा' हा शब्द ती वर्षभर म्हणत होती; तो येतो कुठून, हे तिला त्या दुपारी दिसलं.

याला वेळ लागतो. दोन आठवडे नुसत्या काड्या, मग वहीत गठ्ठ्यासाठी रेघ आणि सुट्यासाठी टिंब, आणि त्यानंतर फक्त अंक. गणपतीपर्यंत बहुतेकांच्या काड्या पेटीत गेल्या होत्या. ज्यांना लागत होत्या त्यांना मी काढू दिल्या. लेखात मी काड्यांचा फोटो टाकला आणि वहीचा टाकला नाही, ही चूक माझी. तो लेख वाचून वर्गात लेखन होतच नाही असं वाटणं साहजिक आहे. पाढे म्हणाल, तर परिपाठानंतर रोज म्हणतो. पाढे पाठ हवेतच, यात आपलं दुमत नाही.

बाजाराबद्दल मात्र तुमचं अगदी बरोबर आहे. पहिल्या वेळी मुलांनी भाजी मांडली, आरडाओरडा केला, आणि हिशोब कुणीच केला नाही. दोन तास गेले. दुसऱ्या वेळी भाव पाटीवर लिहायला लावले, प्रत्येकाला खोट्या नोटांचे पन्नास रुपये दिले आणि शेवटी उरलेले पैसे खरेदीच्या यादीशी जुळवून घेतले. गलका तेवढाच होता, पण वही भरली.

थर्माकोलचे 'प्रकल्प' आईबापांनी रात्री जागून करायचे, हेही मला मान्य नाही. पर्जन्यमापकाला आम्हाला लागली सरळ भिंतीची एक रिकामी बाटली. वरचा भाग कापून उलटा बसवला, तळाच्या खोलगट भागात खडे टाकून पाणी भरलं, आणि त्या पाण्याच्या पातळीला पट्टीचं शून्य चिकटवलं. रोज साडेदहाला एकाने वाचायचं, दुसऱ्याने तक्त्यावर लिहायचं. 'लई पाऊस झाला' म्हणणारी मुलं 'चाळीस मिलिमीटर झाला' म्हणायला लागली, आणि पट्टीवरची ती बारीक घरं कशासाठी असतात हे मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

राहता राहिलं परदेशी खूळ. बालशिक्षणाचा मोठा विचार इटलीच्या माँटेसरीबाईंकडून आला, हे खरं. पण आपल्याकडच्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं, पुढे त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ जवळच्याच कोसबाडला आदिवासी पाड्यांवर गेल्या, तेव्हा महागड्या साधनांऐवजी त्यांनी खडे, पानं, बिया, शिंपले हाताशी घेतले. आमचे खराटे त्याच वाटेवरचे आहेत. आणि शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्येही मुलांनी कृतीतून, शोध घेत शिकावं असं लिहिलेलं आहे. गावच्या पोरांना हे मिळू नये, असं मला कसं वाटेल?

दिवाळीनंतर तीन अंकी वजाबाकी आहे. तुमच्या मुलीला ४०३ वजा १२८ घालून बघा. मधल्या शून्यापाशी ती अडली, तर रीत सांगू नका. शंभराच्या चार जुड्या आणि तीन सुट्या काड्या तिच्यासमोर ठेवा. प्रत्येक जुडीत दहाचे दहा गठ्ठे हवेत, म्हणजे आधी जुडी सोडावी लागेल आणि मग त्यातला एक गठ्ठा. ती काय करते ते मला इथेच कळवा. नाही जमलं तरी कळवा.