आधी पूर्ण भाडं सांगा, मग पैसे मागा

डोकं फिरलंय माझं. गोव्यात डिसेंबरात तीन रात्री, बारा माणसं, एक चांगला व्हिला. एवढंच पाहिजे. आणि एकूण किती पैसे होतील, या एका प्रश्नाचं सरळ उत्तर एकही माणूस देऊन नाही राहिला. वेबसाइट एक आकडा दाखवते, एजंट दुसरा सांगतो, केअरटेकर तिसरा, आणि पैसे भरायच्या पानावर निघतो तो चौथाच. रोज रात्री जेवणं आटोपली की मी लॅपटॉप उघडून बसते आणि संतापून बंद करते. पैसे द्यायला आम्ही तयार आहोत, राजेहो! घेणाऱ्यालाच ते किती घेणार हे सांगायचं नाहीये.

आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. बाबा वीज मंडळात होते. नागपुरात महाल भागातल्या दोन खोल्यांत त्यांनी आम्हा तिघा भावंडांना वाढवलं. सुट्टी म्हणजे रामटेक, फार तर चिखलदरा. आईने समुद्र पाहिला तो एकदाच, मुंबईला कोणाच्या तरी लग्नाला गेली होती तेव्हा, टॅक्सीच्या खिडकीतून. वाळूत बसून पाय भिजवायचे आहेत, हे ती किती वर्षांपासून म्हणते आहे. म्हणून आम्ही तिघांनी ठरवलं, या वेळी हात आखडायचा नाही. सगळे एका छताखाली, आईला खालच्या मजल्यावर खोली, सकाळचा चहा तिच्या हातचा, नातवंडांना पोहायला घरचाच पूल. हॉटेलात सहा खोल्या सहा दिशांना मिळाल्या तर त्यात एकत्र राहणं कसलं? म्हणून व्हिला.

एका घराचा हिशेब मांडते. सुरुवातीला 28,000 रुपये रात्र. मोठ्या अक्षरात, खाली हिरवी पट्टी, ‘आजची खास किंमत’. तीन रात्रींचे 84,000. ठीक आहे, विचार करता येतो. बारा माणसं टाकली तर कळलं की हे भाडं आठच माणसांचं आहे, नवव्यापासून डोक्यामागे रात्रीचे 2,000. चार माणसं, तीन रात्री, 24,000. आणि त्याच पानावर वर काय लिहिलंय? ‘बारा जणांसाठी आरामदायक’. मग सफाईचे 6,000. मग या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी, 20,520. मग वेबसाइटची स्वतःची फी, 11,480. झाले 1,46,000. वरून 25,000 अनामत, ती रोखीने, घरात पाय ठेवायच्या आधी, आणि ‘काही नुकसान नसेल तर’ परत. नुकसान झालं की नाही हे ठरवणार कोण? तेच. म्हणजे 84,000 चं घर म्हणून पाहायला घेतलं आणि सोबत न्यायचे 1,71,000.

हे सगळं पहिल्या पानावर लिहायला यांचं काय जातं? जातं एवढंच, की मग माणूस लगेच दुसरं घर पाहील. म्हणून आधी त्याला फोटोत गुंतवायचं, पोरांना पूल दाखवून होऊ द्यायचा, घरच्या ग्रुपवर ‘हेच फायनल’ होऊ द्यायचं, आणि मग एकेक रक्कम वर टाकत जायची. हे चुकून होत नाही. हे ठरवून करून राहिले हे लोक. आपल्या नागपुरात मंगल कार्यालय ठरवायला जा. मॅनेजर वही काढतो, हॉलचं भाडं, वीज, सफाई, भांडी, जनरेटर, सगळं एका कागदावर लिहून समोर ठेवतो. मग काय घासाघीस करायची ती करा. जे पेंडॉल-खुर्च्यांच्या धंद्यात जमतं, ते या लाखांच्या व्हिलांना जमत नाही?

आणि हे नुसतं माझं गाऱ्हाणं नाही, याला कायद्यात जागा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ‘डार्क पॅटर्न’बद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात ग्राहकाला फसवण्याचे 13 प्रकार नाव घेऊन सांगितलेत. सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटी वाढवणं हा त्यातला एक. खोटी घाई लावणं हा दुसरा. ‘या घराकडे आत्ता 14 जण पाहत आहेत’, ‘या तारखांना शेवटचं घर’, हे मी एकाच घराच्या पानावर सकाळी, दुपारी, रात्री वाचलं. शेवटचं घर दिवसभर शेवटचंच राहतं आणि कोणी घेत नाही! न विचारता पिशवीत काहीतरी घालणं हा तिसरा. प्रवास विम्याच्या चौकटीत आधीच टिक मारून ठेवलेली असते, ती आपण शोधून काढायची. नियम होऊन बसलेत आणि हे अजून तेच करतात, याचा मला जास्त राग येतो.

जीएसटीचं तर वेगळंच. रात्रीला 7,500 रुपयांच्या वरच्या खोलीला 18 टक्के लागतो, मला मान्य आहे, मी भरणार. पण एक एजंट फोनवर म्हणाला, “मॅडम, बिल पाहिजे तर अठरा टक्के वेगळे, नको असेल तर सोडून देऊ.” सोडून देऊ म्हणजे? तो कर काय तुझ्या घरचा आहे, सोडायला आणि धरायला? दुसऱ्याने 18 टक्के जोडून एस्टिमेट पाठवलं, त्यावर जीएसटी नंबरच नाही, आणि पैसे पाठवायला कोणा एका माणसाच्या नावाचा क्यूआर कोड. मी नंबर मागितला तर ‘अकाउंटंट सुट्टीवर आहे’. गोव्यात पर्यटकांना घर भाड्याने द्यायचं तर पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, 1982 सालापासूनचा कायदा आहे. मी आता सगळ्यांना पहिला प्रश्न तोच विचारते, नोंदणी क्रमांक द्या. अर्धे लोक तिथेच गप्प होतात. मेसेजवर निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही. नसलेल्या घरांचे फोटो टाकून पैसे उकळल्याच्या बातम्या आपण वाचतोच, सायबर फसवणुकीसाठी 1930 नंबर ठेवावा लागलाय, अशा काळात खऱ्या मालकाने तर आपणहून कागद दाखवायला पाहिजे.

बरं, घर आहे कुठे? तेही सांगत नाहीत. नकाशावर एक मोठा गोल. पत्ता बुकिंगनंतर मिळेल म्हणे. लिहिलेलं असतं ‘बीचपासून पाच मिनिटं’. कोणती पाच मिनिटं? चालत, गाडीने, की पहाटे तीन वाजता रिकाम्या रस्त्यावर? आसगावातली कितीतरी घरं ‘समुद्रकिनारी सुट्टी’ म्हणून विकून राहिले. आसगाव सुंदर असेल, पण ते आत आहे, किनारा वागातोरला किंवा हणजूणला, आणि डिसेंबरात त्या अरुंद रस्त्यांवर गाड्यांची रांग लागते. माझ्या आईचे गुडघे गेलेत. तिच्यासाठी चालत पाच मिनिटं आणि गाडीने पाच किलोमीटर यात फार मोठा फरक आहे.

शेवटी मी एका केअरटेकरला व्हिडिओ कॉल करायला लावला. बिचारा पोरगा चांगला होता, त्याने कॅमेरा फिरवला. फोटोत जो पूल लांबलचक दिसत होता, तो दोन पोरांनी हात पसरले तर भरून जाईल एवढा. पुलाच्या मागे फोटोत माड होते. माड आहेत खरे, पण त्यांच्या पलीकडे निळे पत्रे उभे केलेले, पत्र्यांच्या वर सळया निघालेल्या, आणि ड्रिलचा आवाज एवढा की त्याला मला दोनदा तेच सांगावं लागलं. मी विचारलं, हे काम कधी संपणार? म्हणाला, “ताई, आत्ता तर दुसरा स्लॅब पडला.” तो खरं बोलला. त्याच्या मालकाने याच घराच्या पानावर ‘निवांत, शांत परिसर’ लिहिलंय.

खालच्या मजल्यावर बेडरूम आहे का, हा प्रश्न मी प्रत्येकाला लिहून विचारते. ‘हो हो, आहे.’ मग खोदून विचारलं की कळतं, बेडरूम खाली, पण संडास-बाथरूम अर्धा जिना चढून. किंवा खोली आहे, पण पोर्चपासून सात पायऱ्या, कठडा नाही. एकाचं उत्तर आलं, ‘मॅनेज हो जाएगा’. काय मॅनेज होईल? रात्री दोन वाजता आई उठली तर कोण मॅनेज करणार, तू येणार का? पुलाची खोली किती, त्याला कुंपण किंवा जाळी आहे का, हेही असंच. आमच्यातलं सगळ्यात लहान पोरगं तीन वर्षांचं आहे आणि हॉलचं सरकतं दार थेट पाण्यावर उघडतं. मी खोली फुटात मागितली. मला सूर्यास्ताचा फोटो पाठवला.

स्वयंपाकघराचं ऐका. जाहिरातीत ‘सुसज्ज किचन’. फोटोत ओव्हन, चिमणी, टांगलेले तांब्याचे पॅन. नियमावलीत आठव्या की नवव्या पानावर लिहिलेलं, पाहुण्यांनी स्वयंपाक करायचा नाही, फक्त गरम करायचं. करायचाच तर गॅसचे पैसे वेगळे. आमच्या कुकचं जेवण घ्या, माणशी 900 रुपये एका वेळचं. बाहेरून मागवलं तर ‘प्लेट चार्ज’. पन्नास वर्षं जिने घर चालवलं, तिला स्वतःचा चहा ठेवायला परवानगी मागावी लागणार, तीही आम्ही लाख-दीड लाख मोजल्यावर. हे वाचून मला अक्षरशः रडू आलं.

काही जण म्हणतात, डिसेंबर सोड, पावसाळ्यात जा, स्वस्त मिळतं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे जूनमधल्या ‘मान्सून ऑफर’ आमच्याच माथी मारल्या जातात. पण तेव्हा गोव्याच्या किनाऱ्यावर लाल बावटे लागलेले असतात, समुद्रात उतरू देत नाहीत, आणि बरोबरच आहे ते. हे त्या ऑफरमध्ये कुठे लिहिलेलं नसतं. डिसेंबरात जायचं तर नाताळच्या आठवड्यात किमान पाच रात्री घ्या म्हणतात, म्हणून आम्ही त्याच्या आधीच्या तारखा धरल्या. तरीही ‘पीक सीझन’चा दर. तुमचा सीझन कधी सुरू होतो, ती तारीख तरी छापा.

प्रवासाचं थोडक्यात सांगते, कारण तिथे निदान आकडे दिसतात. नागपूरहून रस्त्याने हजार किलोमीटरच्या आसपास, आई-बाबांना घेऊन शक्य नाही. शक्तिपीठ महामार्ग गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत होईल तेव्हा होईल. विमान घ्यावं तर गोव्यात दोन विमानतळ, दक्षिणेत दाबोळी आणि उत्तरेत पेडण्यात मोपा. मोपा सुरू झाल्यापासून तिकीट काढताना कोणतं ते नीट पाहावं लागतं, कारण चुकीच्या ठिकाणी उतरलं की टॅक्सीचा खर्च वाढतो. ओला-उबर तिथे चालत नाहीत. आणि व्हिलावाला म्हणतो, टॅक्सी आमच्याचकडून घ्या, दर आल्यावर सांगू. इथेही आल्यावर!

माझ्या बहिणीच्या सासरचे एक काका म्हणाले, “लक्झरी पाहिजे तर हे सहन करावंच लागते, नाहीतर फुटाळा तलावावर जाऊन बसा.” का सहन करावं? महाग घराला जास्त पैसे लागतात हे आम्हाला कळतं. बाबांनी आयुष्यभर विजेचं बिल एका दिवसाने उशिरा भरलं नाही. त्यांच्या वाट्याला आलेल्या या चार दिवसांत कोणी त्यांच्यासमोर येऊन ‘अंकल, ये एक्स्ट्रा है’ म्हणावं, हे मला चालणार नाही. ते गुपचूप पाकीट काढतील आणि घरी येईपर्यंत मनाला लावून घेतील. मी ओळखते त्यांना.

आता ज्याच्यामुळे आज लिहायला बसले ते. एक घर सगळ्या प्रश्नांना उतरलं होतं. खाली खोली, खालीच बाथरूम, पुलाला जाळी, स्वयंपाकाला हरकत नाही, किनारा खरंच चालत. एकूण आकडा मी लिहून घेतला, तारखा धरून ठेवायला 10,000 टोकन पाठवलं, तिथल्या मॅनेजरने ‘कन्फर्म्ड’ लिहिलं. परवा मेसेज आला, ‘मॅम, ओनरने रेट रिवाइज केला, 40,000 वाढतील.’ मी म्हटलं, मग टोकन परत करा. तर म्हणतो परत होत नाही, ‘पुढच्या बुकिंगमध्ये अॅडजस्ट’ होईल. मी रद्द केलं तर माझे पैसे जप्त, ही अट त्यांनी मला तीनदा वाचायला लावली. त्यांनी शब्द फिरवला तर काय, याची एक ओळ त्या अटींत नाही.

तर मी ही 10,000 ची रक्कम सोडणार नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आहे. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते, त्यासाठी गोव्याला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. ‘कन्फर्म्ड’चा मेसेज, जुना आकडा, नवा आकडा, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवलेत आणि त्या मॅनेजरलाही पाठवलेत. त्याला शुक्रवारपर्यंतची मुदत दिली आहे. शनिवारी सकाळी मी तक्रार टाकते.