‘अडाणी ठोकताळे’ म्हणणाऱ्या वाचकास

‘भरती-ओहोटीचं ॲप खिशात असताना तिथीची पाऊणपट करत बसणारे अडाणी ठोकताळे कशाला जपायचे?’ असं आपण माझ्या लेखाखाली विचारलंत. (पाऊणपट म्हणजे तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढणं.) प्रश्नाला माझी हरकत नाही. ‘अडाणी’ मात्र बोचला. डोल (पाण्यात बांधून ठेवायचं पिशवीसारखं जाळं) कशी लावतात हे ज्याला ठाऊक नाही, त्याने तांडेलाला, होडीच्या म्होरक्याला, अडाणी म्हणू नये. मी कोळीवाड्यातच वाढलोय, ऐकीव लिहीत नाही.

एक चूक कबूल. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता पूर्ण भरती, हे गणित मुंबईच्या आसपासचं. गोव्यात मुरगावला ती जवळजवळ तासभर आधी येते. हे लेखात यायला हवं होतं.

आता ॲप. ठरावीक बंदरात पाणी किती वाजता किती चढेल, एवढंच ते सांगतं. डोलवाल्याला हवी असते पाण्याची ओढ. डोल समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना बांधलेली, तोंड ओढीकडे. बोंबील, जवळा, करंदी त्या ओढीनेच आत जातात. पाणी उलटायच्या आत जाळं उचललं नाही, तर खोला (जाळ्याचं मासळी साठणारं टोक) उलटा फिरतो, मासळी बाहेर पडते, दोऱ्यांना पीळ बसतो. शिवाय खाडीच्या तोंडाशी पाणी चढायचं थांबलं तरी ओढ लगेच थांबत नाही. पावसाळ्याच्या अखेरीस तर वरून नदीचं गोडं पाणी बाहेर जात असतं आणि खालून भरती आत शिरलेली असते. नुसतं वरचं पाणी बघणारा फसतो. तांडेल दोरीवर हात ठेवतो. ओढ असेतो ताठ दोरी हाताखाली थरथरते. थरथर मंदावली की उचलायला घ्यायचं. हे कुठल्या ॲपात आहे, सांगा!

‘तिथीच्या गणितात तासाचा फरक पडतो’ म्हणे. पडतो, पण भांगाच्या, म्हणजे अष्टमीकडच्या कमी भरतीच्या, आसपास. तेव्हा ओढ फार कमी असते, डोलीला फारसं काम नसतं. खरी ओढ पुनव-अवसेनंतर दोन-तीन दिवस, आणि तेव्हा पाऊणपट बरीच जवळ येते. गणित कुठे चुकतं हे वापरणाऱ्यांना पक्कं माहीत होतं. दोरीवरचा हात शिकायला मात्र दोन-तीन मोसम एकाच तांडेलाबरोबर काढावे लागतात. आज खलाशी मोसमापुरते बाहेरून येतात, पुढच्या वर्षी दुसऱ्याच होडीवर जातात, आणि नाखवांची, होडीच्या मालकांची, मुलं होडीवर चढतच नाहीत. माझा लेख त्याबद्दल होता. तो आपण शेवटपर्यंत वाचला असावा असं वाटत नाही.

ॲप जरूर वापरा, मीही वापरतो. फक्त येत्या उधाणाला ते घेऊन खाडीच्या तोंडाशी उभे राहा, आणि ओढ प्रत्यक्षात किती मिनिटांनी थांबली ते इथेच लिहा.