आठची मराठी मिस्सा कुणाला नडते?

पुण्यातल्या आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या कॅथलिक चर्चच्या भाविकांच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. रविवारची सकाळी आठची मराठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, संध्याकाळी ढकलायची आणि ती वेळ इंग्रजीला द्यायची. कारण काय, तर नव्या सोसायट्यांतून आयटीतली कुटुंबं वाढली आणि मराठीला बाकं रिकामी राहतात. त्यात एकाने लिहिलं, "मराठीवाले तसेही नंतर आलेले." माझं डोकंच फिरलं.

नंतर म्हणजे कुणाच्या नंतर? क्वार्टर गेटच्या सिटी चर्चला १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांनी जागा दिली, ती त्यांच्या फौजेतल्या पोर्तुगीज आणि गोवेकर ख्रिस्ती शिपायांसाठी. खडकी-कॅम्पात तमिळ कुटुंबं लष्करामागोमाग आली, मल्याळी आले पिंपरीच्या कारखान्यांत. आमचे आजोबा ७२च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातून आले. सगळेच कुठून ना कुठून आलेले.

मी आता दुबईत राहतो. इथलं ऊद मेहता भागातलं सेंट मेरीज चर्च दुबईचे तेव्हाचे शासक शेख राशिद यांनी दिलेल्या जागेवर उभं आहे. एकाच आवारात मल्याळी, कोकणी, तमिळ, तागालोग, अरबी अशा मिस्सा होतात. एक गर्दी बाहेर पडते, दुसरी आत शिरते, पार्किंगसाठी सगळेच रडतात. पण आधी कोण आलं, हा हिशेब इथे माझ्या कानावर कधी आला नाही. कसा येईल? व्हिसा संपला की सगळ्यांनाच निघायचं आहे. पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना एवढा समजूतदारपणा का जमू नये?

"तू गेलास, आता तिथून शिकवू नकोस," असं मला ग्रुपवर सुनावून झालंय. माझी मुलं प्रार्थना इंग्रजीत म्हणतात. मीही इंग्रजी मिस्सेला जातो, उत्तरं तोंडपाठ देतो, आणि तरी आपण कुणाच्या तरी घरी पाहुणे आहोत असं वाटत राहतं. पेटीवर सूर धरला, ढोलकीवर थाप पडली आणि डोक्यावर पदर घेतलेल्या बायकांनी गायनाला सुरुवात केली की मला मिस्सा सुरू झाल्यासारखी वाटते. हे मला फक्त त्या आठच्या मिस्सेत मिळतं. ती हलली तर सुट्टीला येऊन मी नेमका कुठे बसू? हो, यात माझा स्वार्थ आहे.

पण माझं सोडा. त्या बाकांवर कोण बसतं ते बघा. रात्रपाळी संपवून थेट येणारा वॉचमन, दहा वाजता दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहणारी बाई. संध्याकाळी तिला तीन घरची कामं असतात, वॉचमन पुन्हा ड्यूटीवर. इंग्रजीवाल्यांकडे गाड्या आहेत, दुसऱ्या चर्चला जाता येतं, नऊची वेळही चालते. वेळ आठचीच राहू द्या, असं मी फादरना लिहिलंय. निर्णयाआधी धर्मग्रामाच्या कौन्सिलने मिस्सा संपल्यावर दारात उभं राहून या लोकांना विचारावं, हेही लिहिलंय. कारण ज्या ग्रुपवर हा सगळा वाद चाललाय, त्यावर त्यांच्यातली जेमतेम चार-दोन माणसं आहेत.