अँथनी गोन्साल्विस खरा होता

गणपतीत आमच्या सोसायटीत ऑर्केस्ट्रा होता. ऑर्केस्ट्रा म्हणजे आपला नेहमीचा : दोन गायक, एक गायिका, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि श्वास न घेता बोलणारा निवेदक. 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' सुरू झालं आणि गुडघेदुखीवाले काकासुद्धा नाचायला उतरले. भाच्याला म्हटलं, "हा माणूस खरा होता बरं का." त्याला वाटलं, मामा फेकतोय.

जन्म १९२७, गोव्यात माजोर्ड्याला. वडील चर्चमधल्या गायकवृंदाचे मास्तर, त्यामुळे संगीत घरातच. १९४३ मध्ये, मिसरूडही नीट फुटलं नसेल, नौशादांकडे व्हायोलिनवर लागले. पुढे अरेंजर झाले. संगीतकार पेटीवर चाल ऐकवणार. व्हायोलिनांनी कुठे शिरायचं, चेलोने कुठे गप्प बसायचं, हे वादकांच्या कागदावर उतरवणार अरेंजर. गाणं गाजलं की नाव मात्र संगीतकाराचं. "तेव्हा पद्धतच होती तशी" हे उत्तर मला आजही पटत नाही.

पण त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. रागदारी वाद्यवृंदातून वाजवायची. १९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. मुंबईत झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे! आता गंमत बघा. पाश्चात्त्य संगीतातला अगदी साधा कॉर्ड म्हणजे सा-ग-प एकदम. आणि आपल्या वृंदावनी सारंग रागात गंधारच, म्हणजे 'ग'च, वर्ज्य. पहिल्याच पायरीवर ठेच. या माणसाने सारंगातच कॉन्चेर्टो (एक मुख्य वाद्य आणि साथीला अख्खा वाद्यवृंद, अशी रचना) लिहिला. वर तोडीतही लिहिला.

१९६५ मध्ये ते अमेरिकेला सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. पुढे गोव्यात परतले, पण सिनेमाकडे नाही. २०१२ मध्ये वारले.

मधल्या काळात, १९७७ मध्ये, 'अमर अकबर अँथनी' आला. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, आणि प्यारेलाल व्हायोलिन शिकले होते गोन्साल्विस सरांकडे. (आर. डी. बर्मनही त्यांचेच विद्यार्थी.) शिष्याने गुरूचं नाव गाण्यात घातलं. गुरुदक्षिणा गोडच, पण नाव घरोघरी पोचलं ते अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभचं म्हणून.

भाचा म्हणाला, "मग त्यांचं ते सारंगवालं लाव ना."

मोबाइलवर नाव टाइप केलं. पहिलं अंडं, दुसरं अंडं, तिसरं अंड्याचं रिमिक्स.