माक्याच्या तेलाबद्दलच्या तुमच्या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक तारा देऊन लिहिलंत, की डिसेंबरपासून तीन महिने आमचं माक्याचं तेल लावलं तरी केस मुठीने गळाले, नवा केस दिसला नाही, तेलाला उग्र वास होता आणि तळाशी काळा गाळ. वर दुकानात 'एकदा रक्त तपासून घ्या' असं सांगितलं, मग तेल विकता कशाला, असंही विचारलंत. ऑनलाइन लोक 21 दिवसांची हमी देतात, हा दाखलाही दिलात. नाशिकच्या रविवार कारंज्याच्या गर्दीत काउंटरवर याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

तुमच्या लिहिण्यात 'सप्टेंबरात डेंग्यू झाला होता' असं एक वाक्य जाता जाता आलंय. मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. डोक्यावरचा केस काही वर्षं वाढतो, मग साधारण तीन महिने नुसता मुळाशी थांबून राहतो आणि गळतो. म्हणूनच रोज 50 ते 100 केस जाणं नेहमीचं असतं. जोराचा ताप, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, एकदम कमी केलेला आहार, यातलं काही झालं की पुष्कळ केस एकाच वेळी वाढायचे थांबतात. ते गळतात मात्र दोन-तीन महिन्यांनी, ताप विसरल्यावर. सप्टेंबरचा डेंग्यू आणि डिसेंबरची गळती यांचा मेळ अगदी बसतो. तुमचं कारण हेच, असं मी दुकानात बसून ठरवू शकत नाही, पण असेल तर ते केस बाटली उघडण्याआधीच सुटलेले होते. सुटलेला केस कुठलंच तेल धरून ठेवत नाही.

अशी गळती बहुतेकदा सहा महिन्यांच्या आत आपोआप ओसरते आणि केस परत येतात. तुम्ही आणखी काही महिने तेल लावलं असतं, केस आले असते, तर कदाचित पाच तारे दिले असते, आणि तेही श्रेय तेलाचं नसतं. आमच्या पानावर 'बाळंतपणानंतर या तेलाने केस परत आले' असं लिहिणाऱ्या ताया आहेत. त्यांच्या प्रेमाबद्दल मी मनापासून आभारी आहे, पण नव्या गिऱ्हाइकांनी ते अभिप्रायही याच नजरेने वाचावेत.

मग तेल विकतो कशासाठी? आहेत ते केस सांभाळायला. धुताना आणि विंचरताना केस झिजतो, तुटतो. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुण्यात जाणारं प्रथिन कमी करतं, हे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधनात दिसलं आहे; आमचं तेल मात्र तिळाचं, त्याला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. मालिशने कोरडी टाळू मऊ होते, गुंता कमी होतो. माक्याच्या अर्काने उंदरांवर केस लवकर आल्याचे प्रयोग आहेत, पण उंदरावरून माणसाला हमी देता येत नाही. हल्ली सगळे रोझमेरीचं तेल मागतात. इराणमध्ये 100 पुरुषांवर 2 टक्के मिनॉक्सिडिलशी, म्हणजे टकलावर लावायच्या औषधाशी, त्याची तुलना झाली, 2015 साली. त्यातसुद्धा दोन्ही गटांत तीन महिन्यांनी केसांच्या संख्येत फरक नव्हता, तो सहा महिन्यांनी दिसला. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. 21 दिवसांत कोण काय दाखवणार? टक्कल घालवतो, नवे केस उगवतो असा दावा औषधाला करता येत नाही, हे 1945 च्या औषध नियमांच्या अनुसूची जे मध्येच आहे. हमी देणाऱ्याला तेवढं जरूर विचारा.

आता वास आणि गाळ. ताजा माका आम्ही इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यातल्या भातखाचरांच्या बांधावरून पावसाळ्यात आणवतो. प्रमाण जुनंच, आयुर्वेदाचे ग्रंथकार शार्ङ्गधर यांचं: एक भाग कल्क (म्हणजे वाटलेल्या वनस्पतीचा गोळा), चार भाग तिळाचं तेल, सोळा भाग रस. मंद आचेवर पाणी पूर्ण आटेपर्यंत ढवळत बसावं लागतं. तेलावर फेस आला, कल्काची बोटांत वात वळली आणि ती विस्तवावर न तडतडता जळली, की तेल झालं. पाणी राहिलं तर तेल खवट होतं, आच वाढली तर करपतं. मग आवळा, ब्राह्मी, जटामांसी काहीही घातलेलं असो, सगळं वाया. फडक्यातून गाळलेल्या तेलात बारीक कल्क उतरतो, तोच तळाशी बसतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. माक्याचा वासही मुळात उग्रच, तेलात सुगंध आम्ही घालत नाही. पण करपट वास वेगळा असतो. उरलेली बाटली घेऊन या, मी स्वतः बघेन, आणि तेल करपलेलं निघालं तर पूर्ण पैसे परत.

रक्त तपासा हा सल्ला मात्र मी मागे घेणार नाही. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा कमी असू शकतो, त्यासाठी फेरिटिन बघतात. थायरॉइड बघतात. पाळी अनियमित असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. रुपयाएवढी गोल चाई पडली, भांग रुंद होत चालला, टाळू लाल होऊन दुखू लागली, तर माझ्याकडे न येता थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. त्यांनी दिलेलं औषध आमच्या तेलासाठी बंद करू नका. चिकट कोंडा असेल तर रात्रभर तेल मुरवू नका, त्याने कोंडा वाढतो.

डेंग्यूनंतरचा अशक्तपणा अजून आहे असं लिहिलंत, म्हणून तपासणी लांबवू नका. ती होईपर्यंत नवी बाटली घ्यायची गरज नाही. बाटली दाखवायला याल तेव्हा दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं, शनिवारी गर्दी असते. इतर दिवशी सकाळी या, निवांत बोलता येईल.