आईला पहिला नंबर

आमच्या सोसायटीतल्या भिशीचा सगळा कारभार एका दोनशेपानी वहीत आणि श्रीखंडाच्या एका रिकाम्या डब्यात मावतो. बारा बायका, महिन्याला प्रत्येकी 2,000 रुपये. दहा तारखेला दुपारी चार वाजता डब्यातून एक चिठ्ठी निघते आणि 24,000 रुपये एकीच्या पर्समध्ये जातात. पुढच्या महिन्याला उरलेल्या अकरा चिठ्ठ्या, मग दहा. बाराव्या महिन्यात एकच चिठ्ठी उरते. ती कुणाची हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत असतं, तरी डबा हलवतात, चिठ्ठी काढतात, आणि नाव वाचलं की टाळ्याही पडतात.

मी अ‍ॅप डिझाइन करतो. म्हणजे लोकांनी कुठलं बटण कुठे दाबावं हे ठरवायचे पैसे घेतो. इतकी सुरळीत चाललेली गोष्ट डोळ्यांसमोर असताना तिच्यात हात घातल्याशिवाय मला राहवणं शक्यच नव्हतं. निमित्तही मिळालं. वहीवर आमटी सांडली आणि मार्च महिना वाहून गेला. कुणी दिले, कुणाचे राहिले, यावर दोन दिवस फोन चालले. मी आईला म्हटलं, "मी अ‍ॅप करून देतो तुम्हाला." आई म्हणाली, "वही पुसून वाळत घातलीय." हा नकार होता, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्या धंद्यात आधी अभ्यास करायची रीत आहे. म्हणून गावाकडे मावशीला फोन लावला आणि म्हटलं, "तुमच्या भिशीबद्दल सांग." मावशी भडकली. "भिशी नाही, बचत गट! भिशीतला पैसा फिरतो आणि घरी जातो. आमचा गटातच राहतो. त्यातून कर्ज देतो, त्याचं व्याज परत गटालाच." मग तिने पंचसूत्री पाढ्यासारखी म्हणून दाखवली. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड, नियमित हिशेब. यातली एकही गोष्ट मला आयुष्यात नियमित जमलेली नाही. नाबार्डने 1992 साली असे गट बँकांना जोडायला घेतले, तेव्हापासूनचा अनुभव तिकडे उभा आहे, आणि मी इथे गोल बटण करू की चौकोनी, या विचारात.

एका वकील मित्रालाही विचारलं. तो म्हणाला, "पैसे तुझ्या अ‍ॅपमधून फिरणार असतील तर 1982 चा चिट फंड कायदा वाच. तरीही झोप लागलीच, तर 2019 चा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा वाच." मी दोन्ही उघडले आणि तासाभरात ठरवलं की आपलं अ‍ॅप पैशाला शिवणार नाही. पैसे ज्याचे त्याने परस्पर द्यावेत, अ‍ॅप फक्त नोंद ठेवील.

नोंदही सोपी नव्हती. बारापैकी पाचजणींचे पैसे नवऱ्यांच्या फोनवरून यायचे, दोघींचे मुलांच्या, एकीचे जावयाच्या. अ‍ॅपच्या मते भिशीत आठ अनोळखी पुरुष शिरले होते. उरलेल्या चौघी रोख द्यायच्या. त्या नोटा डाळीच्या डब्यातून निघालेल्या असत आणि त्यांना हिंगाचा वास असे. वासाची नोंद कशी ठेवायची ते काही जमलं नाही.

पहिला आक्षेप वहीवाल्या काकूंनी घेतला. मी हप्त्याच्या आठवणीचा मजकूर लिहिला होता: 'तुमचा हप्ता थकला आहे.' लाल रंगात. काकू चष्मा सरकवत म्हणाल्या, "थकला म्हणजे? तू वसुलीला निघालायस का रे?" मग त्या ही आठवण कशी करतात, असं विचारलं. तर नऊ तारखेला त्या सगळ्यांना फोन करतात. "उद्या येताय ना? उपमा करतेय." बस. उपमा म्हटलं की पैसे आठवतात. मी मजकूर बदलला, लाल रंग काढला. कंपनीत कुणी मला हे करताना पाहिलं असतं, तर नोकरी गेली असती.

मग आली दहा तारीख. टीव्हीवर मोबाइल जोडला, मोठं केशरी बटण दाखवलं, 'चिठ्ठी काढा'. पडद्यावर डबा हलला, फुलं उधळली आणि नाव आलं. आईचं.

खोलीत उपम्याच्या चमच्यांचा आवाज थांबला.

"मुलाचं अ‍ॅप," बँकेतून निवृत्त झालेल्या मावशी इतकंच म्हणाल्या.

आई म्हणाली, "रद्द कर, पुन्हा काढ." पुन्हा काढली. पुन्हा आई. मी घाईघाईने समजावायला लागलो की बाराजणींत लागोपाठ दोनदा आईचंच नाव येण्याची शक्यता 144 मध्ये एक असते, म्हणजे अशक्य मुळीच नाही. बोलताना कळत होतं की आपण आरोपपत्र स्वतःच वाचून दाखवतोय. शेवटी आईनेच उठून श्रीखंडाचा डबा आणला. तळमजल्यावरच्या वहिनींच्या पाच वर्षांच्या मुलाने हात घातला आणि पार्लरवाल्या ताईंचं नाव निघालं. टाळ्या पडल्या. त्या मुलावर कुणाचाच संशय नव्हता.

पुढच्या महिन्यापासून अ‍ॅपकडे फक्त निकाल कळवायचं काम उरलं. तेही त्याने चोख बजावलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा नंबर लागला आणि 'अभिनंदन! तुम्हाला 24,000 रुपयांची भिशी लागली!' हा निरोप लगोलग गेला. काकांच्या फोनवर. हप्ता तिथून जात होता ना. घरात अकरा वर्षं भिशी चालू होती आणि काकांना ती सोसायटीचा मेंटेनन्स वाटत होती.

संध्याकाळी काका पेढे घेऊन आले. "बरं झालं रे, गाडीचे टायर बदलायचेच होते." मागे काकू उभ्या होत्या. पाटल्या मोडून त्यात भर घालायची, सोनाराशी बोलणंही झालेलं, हे सगळं मला त्यांच्या एका नजरेत दिसलं. दुसऱ्या दिवशी आईकरवी मागणी आली. 'घरात कळू नये' असं एक बटण हवं. मी केलं. आठजणींनी ते लगेच चालू केलं. उरलेल्या चौघींना गरज नव्हती, त्यांचे पैसे डाळीच्या डब्यातूनच येत होते.

यथावकाश एकेक बटण गळत गेलं. आता अ‍ॅपमध्ये वहीच्या पानाचा फोटो काढून ठेवता येतो, बाकी काही नाही. तो फोटोही मीच काढतो. काकूंनी नवी वही घेतलीय आणि तिला प्लास्टिकचं कव्हर घातलंय.

वर्ष सरलं. बाराव्या महिन्यात डब्यात एकच चिठ्ठी उरली. आईची. वहिनींच्या मुलाने डबा जोरजोरात हलवला, डोळे मिटून हात घातला, काकूंनी नाव वाचलं आणि टाळ्या पडल्या.

बँकेतल्या मावशी उपम्याची बशी खाली ठेवून माझ्याकडे वळल्या.

"डब्याला तू हात लावला नव्हतास ना?"