लापोर्तानं बार्सा वाचवली का गहाण टाकली?

विषय नेहमीसारखा मेस्सीवरनं सुरू झाला आणि 2021 ला परत बार्साचा, म्हणजे बार्सिलोना क्लबचा, अध्यक्ष झालेल्या लापोर्तावर येऊन अडकला. शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच असली की आमच्या कट्ट्यावरची हीच पोरं वेगवेगळ्या तालमींत वाटली जातात, पण युरोपातलं काही निघालं की सगळे बार्सावाले, आणि सगळे बार्सावाले असूनही लापोर्ताचं नाव काढलं की दोन तट पडणार म्हणजे पडणार. कालचं लिहून ठेवतोय कारण निम्मी पोरं मधूनच उठून गेली आणि सकाळपासून ग्रुपवर कोण काय बोललं यावरनंच वेगळं भांडण चाललंय.

कीपरनं सुरुवात केली. त्याचं म्हणणं एका वाक्याचं, मेस्सीला घालवणारा माणूस क्लबचा तारणहार कसा काय? "निवडणुकीत काय सांगत होता? मी आलो तर मेस्सी राहतोय. 7 मार्च 2021 ला 54 टक्के मतं घेऊन निवडून आला आणि 5 ऑगस्टला क्लबचं पत्रक, मेस्सी जाणार म्हणून. पाच महिन्यांत! आणि 8 तारखेला मेस्सी स्टेजवर उभा राहिला तर तोंडातनं शब्द फुटंना, बायकोनं पुढं होऊन टिश्यू दिला. पगार निम्मा करतो म्हटलंवतं की रे त्यानं."

हे बोलताना कीपरचा आवाज अजून बदलतो, आणि खरं सांगतो, तो व्हिडिओ मी पण परत कधी पूर्ण बघू शकलेलो नाही.

सीए म्हणाला, "रडून झालं असेल तर हिशोब बघूया का आता?" मग त्यानं फोनवर काही न बघता आकडे सांगायला सुरुवात केली. मेस्सी गेल्यावर आठवड्याभरात, 16 ऑगस्टला, लापोर्तानं पत्रकारांसमोर वही उघडली. कर्ज 1350 मिलियन युरो. एका सीझनचा तोटा 481 मिलियन. आणि पगार उत्पन्नाच्या 103 टक्के, म्हणजे शंभर यायचे आणि नुसत्या पगारालाच एकशे तीन जायचे, मग प्रवास, स्टेडियम, बँकेचं व्याज सगळं उधारीवर. हे आधीच्या अध्यक्षाचं, बार्तोमेऊचं काम. नेमारचे 222 मिलियन आले 2017 ला आणि ते कुटिन्यो, डेंबेले, ग्रीझमन करत करत कुठं गेले ते कळलंसुद्धा नाही, आणि शेवटी लिस्बनला बायर्नकडनं 8-2. "अरे मेस्सीचा पगार काढून टाकला तरी पगार 95 टक्क्यावर होते. निम्म्या पगारात सोड, तो फुकट खेळला असता तरी ला लिगानं, म्हणजे स्पेनच्या लीगनं, त्याचं रजिस्ट्रेशन केलं नसतं. पगाराच्या मर्यादेचा नियम ला लिगाच्या अध्यक्षाचा, तेबासचा, खड्डा बार्तोमेऊचा, आणि शिव्या ह्या माणसाला."

अण्णांना हे पटलं नाही. अण्णा आमच्यात मोठे, 2003 पासून बार्सा बघतात, रोनाल्डिन्यो आला तेव्हापासून, म्हणजे लापोर्ताची पहिली टर्म त्यांनी अख्खी बघितलीय. ते म्हणाले, "मार्ग होता. त्याच ऑगस्टमध्ये ला लिगानं सीव्हीसी नावाच्या गुंतवणूक फंडाचा करार आणलावता. सही केली असती तर पैसे आले असते, मेस्सी राहिला असता."

"अण्णा, तुम्ही त्याच्या अटी बघा की," सीए म्हणाला. "टीव्हीच्या उत्पन्नातला हिस्सा 50 वर्षं द्यायचा. आणि जे पैसे येणार त्यातले पंधराच टक्के खेळाडूंवर खर्च करता येणार, बाकीचे स्टेडियम वगैरे आणि कर्ज. एका मेस्सीसाठी नातवाच्या वयापर्यंत लिहून द्यायचं?"

इथं कीपर जवळजवळ उभाच राहिला. "आणि मग वर्षभरानं ह्यानं स्वतः काय केलं सांग! 2022 च्या उन्हाळ्यात ला लिगाच्या टीव्ही हक्कातले 25 टक्के 25 वर्षांसाठी सिक्स्थ स्ट्रीटला दिले. अमेरिकन फंडालाच! आधी 10 टक्के, 207 मिलियनला, मग तीन आठवड्यांत वर आणि 15. मेस्सीसाठी जे पाप होतं ते नव्यानं घेतलेल्या लेवांडोव्स्कीसाठी पुण्य कसं झालं?"

याला सीएकडं सरळ उत्तर नव्हतं. 25 वर्षं ही 50 पेक्षा कमी, भाव आपण ठरवला, दुसऱ्यानं नाही, असं तो म्हणाला, आणि ते बरोबरच आहे, पण कीपरचा मुद्दा त्यानं पडत नाही. माझ्या मते अख्ख्या रात्रीतला सगळ्यात जड मुद्दा हाच होता.

असल्या सौद्यांना क्लब लिव्हर म्हणतो, ते लिव्हर म्हणजे नक्की काय हे बारक्याला माहीत नव्हतं, तेव्हा अण्णांनीच समजावलं. "आपलं रान आहे समज. रान विकलं नाही. पण पुढची पंचवीस वर्षं कारखान्याकडनं उसाचं जे बिल येईल त्यातला चौथा हिस्सा दुसऱ्याच्या नावावर लिहून दिला आणि त्याचे पैसे आज उचलले. आज घरात लग्न दणक्यात झालं. पण बिल निघालं की दर वर्षी चौथा हिस्सा परस्पर जाणार, ऊस तू राबून काढ नाहीतर तुझा पोरगा काढू दे."

"पण अण्णा, बँक रानच जप्त करायला आली असती तर?" सीए म्हणाला.

यावर अण्णा थोडा वेळ गप्प बसले.

मला लिव्हरपेक्षा त्या स्टुडिओच्या भानगडीचा राग जास्त आहे आणि तो मी बोलून दाखवला. टीव्ही हक्क निदान खरे होते, पैसे खरे आले. बार्सा स्टुडिओज, म्हणजे क्लबची व्हिडिओ वगैरे बनवणारी कंपनी, तिचे मात्र 24.5 टक्के एकाला 100 मिलियनला, 24.5 टक्के दुसऱ्याला 100 मिलियनला, आणि वेळ बघा कशी, दुसरा सौदा 12 ऑगस्टला आणि 13 ला रायोबरोबर सीझनची पहिली मॅच. म्हणजे लेवांडोव्स्की, राफिन्या विकत घेतलेले पण कागदावर नाहीत, उद्या मैदानात उतरायचंय आणि आदल्या दिवशी कंपनीचा तुकडा विकून रजिस्ट्रेशन करतोय आपण. कुंडे तर तरीही राहिलाच, त्याचं रजिस्ट्रेशन व्हायला महिनाअखेर उजाडली. आणि त्या स्टुडिओचे पैसे पुढं ठरल्याप्रमाणे आलेच नाहीत, नवे गुंतवणूकदार शोधले, तेही अडकले, आणि शेवटी 2023-24 च्या हिशोबात ती किंमत खाली आणायला लागली आणि क्लबला 91 मिलियनचा तोटा दाखवावा लागला. जी किंमत कुणी द्यायलाच तयार नाही ती वहीत लिहून त्यावर खेळाडू आणायचे, याला मी वाचवणं म्हणत नाही.

"मग तेव्हा काय करायचं होतं? पोरं खेळवून आठवा नंबर काढायचा?" सीए म्हणाला. "पहिल्या वर्षी चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमधनंच बाहेर, मग युरोपा लीगला फ्रँकफर्टची माणसं येऊन आपल्याच स्टेडियममध्ये बसली, तीस हजाराच्या आसपास, अख्खं कॅम्प नोऊ पांढरं, आणि 2-3 हरलो. असलंच अजून दोन वर्षं चाललं असतं तर स्पॉन्सर कुठला आला असता? लेवांडोव्स्की आला, 2023 ला लीग आली, त्यानंतर माणसं परत बार्साचं नाव घ्यायला लागली."

आता बारक्या बोलला. तो एकोणीस वर्षांचा, मेस्सीचा बार्सा त्यानं शाळेत असताना बघितलेला. "मला तुमचं लिव्हर कळत न्हाई. लापोर्ता हाय म्हणून मला यमाल बघायला मिळालाय. कोच फ्लिक त्यानंच आणला. एका सीझनला रियलला चार वेळा हाणलंय, 4-0, 5-2, 3-2, 4-3. अजून काय पायजे?"

चार क्लासिको म्हटल्यावर कट्ट्यावर वाद कसला करायचा, दहा मिनिटं सगळे सेव्हियात झालेल्या फायनलमधला कुंडेचा 116 व्या मिनिटाचा गोलच बोलत होते, मोद्रिचचा पास मधेच काढून घेतला आणि तसाच लांबनं हाणला. पण यमालचं श्रेय मात्र मी लापोर्ताला देऊ देणार नाही. यमाल ला मासियात, क्लबच्या पोरांच्या अकादमीत, आला 2014 ला, तेव्हा अध्यक्ष बार्तोमेऊ होता. गावी, कुबार्सी, हे सगळे लापोर्ता परत यायच्या आधीच आत होते. त्यांना शोधणारे, शिकवणारे कोच आणि स्काऊट यांची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत. तेव्हाचा कोच शावी, त्यानं एप्रिल 2023 मध्ये पंधरा वर्षांच्या यमालला उतरवला, फ्लिकनं ह्या पोरांवर अख्खी टीम उभी केली, आणि हे धाडस बऱ्यापैकी यासाठीही झालं की पैसेच नव्हते. बार्तोमेऊच्या खिशात पैसे होते तेव्हा अशी पोरं बाहेर लोनवर जात होती. लापोर्ताला द्यायचं तर फ्लिकचं श्रेय द्या, ते मी मान्य करतो, आणि शावीला आधी थांब म्हणून महिन्याभरात काढून टाकला तेही त्याच्याच खात्यावर लिहा.

मग ओल्मो निघाला, आणि इथं सीएसुद्धा मऊ झाला. उन्हाळ्यात घेतलेला खेळाडू, 31 डिसेंबर 2024 ला त्याचं रजिस्ट्रेशन संपलं, आणि क्लब शेवटच्या दिवसांत नव्या कॅम्प नोऊमधल्या व्हीआयपी जागा 100 मिलियनला विकून कागद पाठवतोय. शेवटी 8 जानेवारीला सरकारी क्रीडा परिषदेनं तात्पुरती परवानगी दिली, त्याच दिवशी लापोर्ता जेद्दाच्या स्टेडियममध्ये लोकांवर ओरडतानाचा व्हिडिओ. चार दिवसांनी तिथंच सुपर कपच्या फायनलला रियलला 5-2 हाणलं आणि सगळे ओल्मो विसरले. मी नाही विसरलो. एवढ्या मोठ्या क्लबचा खेळाडू कागदावाचून घरी बसायची वेळ आणणं ही अध्यक्षाची चूक, तेबास कितीही वाईट असला तरी.

नेग्रेराच्या प्रकरणावर फार बोलणं झालं नाही. नेग्रेरा हा रेफरी समितीचा उपाध्यक्ष, त्याला 2001 ते 2018 क्लबकडनं 7 मिलियनच्या वर पैसे गेले, त्यात लापोर्ताची पहिली टर्म पण येते. रेफरी विकत घेतले नाहीत असं क्लब सांगतोय. अण्णा एवढंच म्हणाले की हा विषय निघाला की मला रियलवाल्यांसमोर मान वर करून बोलता येत नाही, आणि कुणी त्यांना उलट बोललं नाही.

शेवटी मी माझं सांगितलं ते असं. स्पेनमध्ये 1990 च्या कायद्यानं बाकीच्या व्यावसायिक क्लबांना कंपनी करायला लावलं, सुटले ते चारच, रियल, बार्सा, अॅथलेटिक आणि ओसासुना. बार्सा आजही सभासदांची आहे. 2021 ला तो क्लब अशा अवस्थेत होता की कुणीही सूटवाला येऊन म्हणाला असता, 49 टक्के द्या, कर्ज मी बघतो, आणि थकलेल्या माणसांनी हो म्हटलं असतं. लापोर्तानं टीव्ही विकला, स्टुडिओ विकायला काढला, जर्सीवर आणि स्टेडियमवर स्पॉटिफाय आणलं, स्टेडियमसाठी 1450 मिलियनचं कर्ज उभं केलं, पण क्लबची मालकी विकली नाही. म्हणून मी म्हणतो वाचवला. बाकी सगळं उद्या सुधारता येतं, मालकी एकदा गेली की परत येत नाही, हे इंग्लंडमधल्या किती क्लबांच्या चाहत्यांना विचारा.

कीपर म्हणाला, "आणि ते पंचवीस वर्षांचं? 2047 पर्यंत हाय ते. यमाल चाळिशीत असंल तेव्हा."

म्हटलं, हो, आणि म्हणूनच सभासदांनी प्रत्येक वेळी त्याला हिशोब विचारायला पाहिजे, व्हीआयपी जागा कुणाला विकल्या, कितीला विकल्या, पैसे कधी येणार. तो वाचवणारा आहे म्हणून त्याला विचारायचं नाही, हे मला मान्य नाही. 2008 ला त्याच्यावर अविश्वास ठराव आला तेव्हा 60 टक्के सभासद त्याच्या विरोधात गेलेवते, दोन तृतीयांश लागत होते म्हणून टिकला, आणि पुढच्याच वर्षी कोच पेपच्या टीमनं सहा कप आणले. त्या 60 टक्क्यांना नंतर सगळ्यांनी मूर्ख ठरवलं, पण क्लब त्यांचा होता आणि विचारायचा हक्कही त्यांचा होता.

"तू सभासद असतास तर मत दिलं असतंस का त्याला?" सीएनं विचारलं.

दिलं असतं. कीपर म्हणाला मी मेलो तरी दिलं नसतं, नोव्हेंबर 2025 मध्ये मेस्सीला स्वतःच्या कॅम्प नोऊवर रात्रीचं गुपचूप जाऊन फोटो काढायला लागले, आधी त्याला मानानं बोलवा, मग मताचं बघू. अण्णा म्हणाले मी मत देईन पण ओल्मोचा हिशोब हातात पडल्यावर. आणि बारक्या म्हणतोय निवडणूक कधी असते तेवढं सांगा.